कार्टूनला आवाज देणं हे करिअर होऊ शकतं का? भाचीसाठी विचारतेय

रेवा_ठाणे:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझी भाची रुईयाला एस.वाय.ला आहे. एकांकिकांचं वेड आहेच, पण त्याहून मोठं वेड आवाजांचं. घरात बच्चेकंपनी जमली की डोरेमॉन, शिनचॅन, मोटू-पतलू सगळे ही एकटीच करते. नुसती नक्कल नाही, त्यांच्या नव्या गोष्टी रचून. आता तिने जाहीर केलंय की पदवी हातात पडली की कार्टूनला आवाज द्यायचं काम करणार. ताई आणि भावोजी हबकलेत. भावोजींचा एकच प्रश्न, "महिन्याला हातात किती?" ताईचं म्हणणं, हे हौसेपुरतं ठीक आहे. आणि मधल्यामध्ये माझं मरण, कारण दोन्हीकडचे फोन मलाच येतात.

या क्षेत्रातलं कोणी इथे असेल तर खरं काय ते सांगा. गोड लिहू नका. तिला एका ठिकाणाहून फोनही आलाय, 'पोर्टफोलिओ'चे पैसे भरा म्हणतायत. ते काय प्रकरण आहे?

पोटमाळा:

माझा चुलतभाऊ मालिकांचा कॅमेरा करतो. त्याच्या घरी बघून सांगतो, भावोजींना 'पगार' हा शब्द विसरायला सांगा. तिथे पगार नसतो, पीक असतं. आलं तर भरघोस, नाही तर पुढच्या हंगामाची वाट.

बाकी धागा वाचतोय. आमच्या धाकट्यालाही हे सांगून घाबरवता येईल.

माईकमागे:

रेवाताई, मी याच धंद्यात आहे. डोंबिवलीहून अंधेरीला जाऊन दुसऱ्यांच्या तोंडात बोलणं हे माझं काम. बरीच वर्षं झाली. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, तुमची भाची नकला करते यापेक्षा नवीन गोष्ट रचून करते ही बाब माझ्या कानाला जास्त बरी वाटली. नक्कल करणारे ढिगाने येतात. डोरेमॉनचा आवाज हुबेहूब काढणाऱ्याला काम कोण देणार? त्या पात्राला आवाज आहेच की. हिंदीत सोनल कौशल यांनी तो लहान वयापासून दिलाय, कार्यक्रम २००५ मध्ये हंगामा चॅनेलवर आला तेव्हापासून. स्टुडिओला हवा असतो तो उद्या येणाऱ्या, अजून कोणी न ऐकलेल्या पात्राचा आवाज. चित्र दाखवतात, एक जाडा बोका, चष्मा, थोडा भित्रा. दोन मिनिटांत सांगा हा कसा बोलेल. तिथे नकलाकार गडबडतो आणि नट तरतो.

आता प्रत्यक्ष काम. कार्टूनचं काम म्हणजे दोन वेगवेगळी कामं आहेत, लोक ती एकच समजतात. आपल्याकडे बनणाऱ्या मालिकांमध्ये, म्हणजे छोटा भीम (हैदराबादच्या ग्रीन गोल्डची, २००८ पासून पोगोवर) किंवा मोटू पतलू (मुंबईच्या कॉसमॉस-मायाची, २०१२ पासून निकवर), आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रकार त्यावर ओठ हलवतो. तिथे तुम्ही राजे. थांबा, हसा, वाक्य अर्धवट गिळा, चित्र तुमच्या मागे येतं. डबिंगमध्ये उलटं. जपानी किंवा इंग्रजी कार्टून तयार होऊन आलेलं असतं, त्याचं तोंड केव्हा उघडायचं आणि केव्हा मिटायचं ते परदेशात ठरून गेलंय. तुम्हाला त्या तोंडात हिंदी, मराठी, जे काय असेल ते बसवायचं.

बूथमध्ये काय होतं ते सांगते. समोर स्क्रीन, कोपऱ्यात टाइमकोड पळतोय. स्टँडवर स्क्रिप्ट. हेडफोनमध्ये मूळ आवाज, त्याला आम्ही पायलट म्हणतो. बरेच जण एक कान उघडा ठेवतात, स्वतःचा आवाज खोलीत कसा पडतोय ते कळावं म्हणून. समजा एक पोरगा झाडावर चढताना बोलतोय. वाक्य स्क्रिप्टमध्ये छोटं आहे, पण स्क्रीनवर तोंड अजून हलतंय. काचेपलीकडून डिरेक्टर म्हणतो, "लाइन भरली नाही." मग ती भरायची. पण ओढून नाही, ओढली की लगेच कळतं. मध्ये एक धाप टाकायची, "अरे" घालायचं, एखादा शब्द मागे-पुढे करायचा. त्यात पोराचे ओठ दोनदा मिटलेत. तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी पडायला हवं, नाही तर ओठ मिटलेले आणि आवाज 'आ'चा, असं भूत दिसतं. हे सगळं करताना तुम्ही झाडावर चढत असता. म्हणजे उभ्या जागी, पाय न हलवता, कारण बूट वाजला तर टेक गेला. बांगड्या, घड्याळ, कडक इस्त्रीची ओढणी, सगळं बाहेर काढून यायचं. पोटात भूक असेल तर तीही माईकला ऐकू जाते, थट्टा नाही.

आणि वाक्यं हे निम्मंच काम. उरलेलं म्हणजे रिअॅक्शन्स. धावणं, आपटणं, घशात लाडू अडकणं, पाण्यात बुडताना बोलणं. परदेशी भागासोबत संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक येतो, पण माणसाच्या तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज इथे नव्याने करावा लागतो. एक पात्र जिन्यावरून गडगडत खाली येतं तेव्हा प्रत्येक पायरीला वेगळा "अं", "ओय", "हुप्" लागतो. भाचीला सांगा, सलग गडगडून दाखव आणि प्रत्येक पायरी वेगळी कर. तिची परीक्षा तिथेच होईल.

पैशांवर दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावलाय.

जुना_गिरगावकर:

वा, माईकमागे ताई, छान लिहिलंत. माझं थोडं अवांतर.

नुसत्या आवाजावर घराघरांत पोचलेले लोक आपल्याकडे टीव्हीच्या आधीपासून होते हो. आकाशवाणी मुंबईवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाओजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी. आमच्या चाळीत त्या वेळेला जिन्यात पाय वाजला तरी लोक दटावायचे. आम्हाला भाओजींचा सदरासुद्धा 'दिसायचा'. आता तुमची पोरं म्हणतील कसला सदरा.

माझं मत असं, की कार्टूनला आवाज देऊ पाहणाऱ्याने आधी श्रुतिका ऐकाव्यात. चेहरा नसताना माणूस कसा उभा करायचा ते तिथे कळतं. आजकालच्या कार्टूनमध्ये सगळेच सतत ओरडत का असतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. नातू बघत असतो, मी दुसऱ्या खोलीत जातो.

फक्त_वाचक:

काका, ओरडण्याबद्दल +१.

पण आमच्या पिढीचं काय ते सांगतो. रविवारची सकाळ, दूरदर्शन, जपानी मोगली, आणि शेरखान म्हणजे नाना पाटेकर. वाघ दिसायच्या आधी आवाज यायचा आणि आम्ही पांघरुणात. पुढे २०१६ साली हॉलिवूडचा मोगली आला तेव्हा हिंदीत शेरखान पुन्हा नानाच. थिएटरमध्ये माझ्या शेजारी माझा मुलगा पॉपकॉर्न खात होता, घाबरलो मीच.

तर प्रश्न असा, की एवढे नामवंत नट ही कामं करत असतील तर रुईयातल्या मुलीला कोण विचारणार?

रोखठोक_राणे:

कोणी नाही विचारणार. स्पष्ट बोलतो. मोठ्या सिनेमाला शाहरुखच घेणार, कारण पोस्टरवर नाव छापायचंय. 'द लायन किंग' २०१९ चा हिंदी बघा. शाहरुख, त्याचा मुलगा, आशिष विद्यार्थी, असरानी, संजय मिश्रा, आपला श्रेयस तळपदे. आणि उरलेलं एआय खाऊन टाकणार. मुलीला म्हणावं बी.एड. कर, एकांकिका शनिवार-रविवार कर. कटू वाटेल, पण रेवाताईंनीच गोड नको म्हटलंय.

माईकमागे:

राणेसाहेब, तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. श्रेयसने टिमॉन केला तो नाव होतं म्हणून असेलही, पण त्यातली मजा आवाजातली होती. आणि २०२१ साली पुष्पाला हिंदीत त्याने जो आवाज दिला, तो ऐकताना उत्तरेतल्या किती प्रेक्षकांना माहीत होतं की हा श्रेयस? लोक पात्राच्या प्रेमात पडले.

दुसरं, सिनेमा आणि टीव्ही यात गल्लत करू नका. सिनेमा दोन तासांचा, स्टार एक-दोन दिवसांत मोकळा होतो. टीव्हीचं कार्टून रोज लागतं, वर्षानुवर्षं. रोजच्या भागासाठी स्टार कोणाला परवडतो? ते चालवतात आमच्यासारखे बिनचेहऱ्याचे लोक. मोटू आणि पतलू दोघांनाही सौरव चक्रवर्ती यांनी आवाज दिलाय, शिवाय त्यातली आणखी पात्रंही. एक माणूस स्वतःशीच भांडतो, स्वतःच्याच मागे धावतो. आपल्या मराठी मुलींपैकी मेघना एरंडे ऐका, निंजा हातोरी ऐकून मोठी झालेली मुलं आज नोकरीला लागलीत. संकेत म्हात्रे हॉलिवूड आणि दक्षिणेतल्या नायकांना हिंदीत बोलायला लावतो. हे सगळे इथेच, मुंबईत राहून काम करणारे.

आता पैसे, कारण भावोजी वाट बघत असतील. मासिक पगार विसरा, ते पोटमाळा म्हणाले ते बरोबर. कार्टूनला भागामागे किंवा शिफ्टमागे पैसे मिळतात, पात्र मुख्य की फुटकळ यावर दर ठरतो. तुमचं कार्टून पुढची दहा वर्षं रोज चार वेळा दाखवलं तरी सहसा वेगळं काही हाती येत नाही. अमेरिकेत 'द सिम्पसन्स'ची आवाज मंडळी एका भागाला लाखो डॉलर घेतात, त्या बातम्या वाचून इथे यायचं नाही. तिथे मालिकेत आवाज बदलला तर देशभर बोंब होते, म्हणून त्यांच्या हातात काही आहे. आपल्याकडे मूळ मालिका परदेशी, निर्णय चॅनेलचा, आणि आवाज बदलला तर पोरांखेरीज कोणाला कळत नाही. पोरं मात्र पहिल्या वाक्याला ओळखतात!

मग घर कशावर चालतं? जाहिरातींवर. तीस सेकंदांची एक बरी जाहिरात कार्टूनच्या कित्येक भागांना भारी पडते. त्याशिवाय कंपन्यांच्या प्रशिक्षण फिल्म, फोनवरचं "कृपया प्रतीक्षा करा", माहितीपट, ओटीटीचं डबिंग. मराठीला चांगला आधार झाला तो ऑडिओबुकांचा. स्टोरीटेल २०१७ मध्ये इथे आलं आणि नाटकवाल्या बऱ्याच मंडळींना दुपारचं काम मिळालं. मी स्वतः कार्टून करते ते आवडतं म्हणून आणि सराव राहतो म्हणून. हप्ते बाकीच्या कामातून जातात. हे असंच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रेवा_ठाणे:

ताई, मनापासून आभार. भावोजींना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' पण कोणीतरी बोलतं का?" असं विचारून ते बराच वेळ गप्प बसले.

एक शंका. भाचीचा आवाज मुलासारखा काढला की जास्त खुलतो. शिनचॅन, नोबिता हे सगळे मुलगेच. मग तिला मुलाचं पात्र मिळेल की मुलं घेतात?

स्वरयंत्रा:

हे माझ्या प्रांतात येतं. मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे.

मुलग्यांची पात्रं बायकांनी करणं ही जगभरची रीत आहे आणि त्याला शरीराचं साधं कारण आहे. पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं बोलताना सेकंदाला साधारण १००-१२०, बाईची २०० च्या आसपास, आणि लहान मुलाची त्याच्याही वर. म्हणजे बाई मुलाच्या जवळ आहे. शिवाय खऱ्या मुलाला घेतलं तर तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो आणि मालिका तर चालूच. बार्ट सिम्पसन १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट यांच्या आवाजात दहा वर्षांचाच आहे. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी डोरेमॉनला १९७९ पासून २००५ पर्यंत आवाज दिला. शिनचॅनही तिथे बाईच्याच आवाजात बोलतो.

आता काळजीचं. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षक आणि भाजीवाले जास्त, पण अधूनमधून आवाजवालेही येतात. तक्रार ठरलेली: सकाळी आवाज बसलेला, वरचा सूर लागत नाही, बोलून दमायला होतं. पुष्कळदा स्वरतंतूंवर गाठी निघतात. लहान मुलाचा आवाज गळा आवळून काढला की ही वेळ येते. तो गळ्यातून काढायचा नसतो. जीभ, ओठ, तोंडातली पोकळी यांचा आकार बदलून आवाज 'छोटा' करता येतो, गळा सैल ठेवून. हे शिकवणाऱ्याकडून शिकावं.

चहा-आलं-मध यावर लोकांचा फार विश्वास. बापहो, तुम्ही गिळलेलं काहीही स्वरतंतूंना शिवत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शिवलं तर ठसका लागेल. पाण्याचा उपयोग होतो तो शरीरात जिरून, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या दहा मिनिटं आधी बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही, दिवसभर पीत राहा. घसा खाकरणं बंद करा. आवाज बसल्यावर कुजबुजू नका, त्यानेही ताण येऊ शकतो, सरळ गप्प बसा. रात्री अकराला वडापाव खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं, सकाळी त्याचा हिशोब आवाज देतो.

दोन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मुंबईत नायर रुग्णालयाच्या वाचाउपचार विभागात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही जाता येतं, खाजगीतच जायला हवं असं नाही.

पोटमाळा:

वडापाववर येऊ नका हो. बाकी सगळं मान्य.

माईकमागे:

स्वरयंत्राताईंना साष्टांग. एक भर घालते. समजदार डिरेक्टर किंकाळ्या, मारामारी, रडारड शेवटी ठेवतो, आधी शांत संवाद उरकतो. नवखी मुलं पहिल्याच तासाला जीव खाऊन ओरडतात आणि उरलेल्या भागात फाटक्या आवाजाने बोलतात. डिरेक्टर विसरला तर आपण हसत हसत सुचवायचं, "सर, हे लास्टला घेऊया का?" यात कोणी रागावत नाही.

कोलाज:

माझा राग वेगळाच आहे. हिंदी किंवा मराठी डबिंग संपलं की शेवटी नावं कोणाची येतात? चित्रकार, मूळ देशातले आवाज, त्यांचे चहावाले. आणि ज्याचा आवाज मूल चार वर्षं रोज ऐकतंय त्याचं नाव बहुतेकदा नसतंच. चॅनेल तर शेवटची पाटी एका कोपऱ्यात ढकलून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावतं.

वकिली_बाणा:

कोलाज, हा नुसता मानाचा प्रश्न नाही, त्याला कायद्याची बाजूही आहे.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ३८अ आणि ३८ब आले. ३८ब म्हणजे कलाकाराचे नैतिक हक्क: हे काम माझं आहे असं सांगण्याचा, आणि कामाची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर ती थांबवण्याचा. पण त्याच दुरुस्तीने 'कलाकार' या व्याख्येलाच एक परंतुक जोडलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रूढ पद्धतीत ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, तो एवढ्यापुरता कलाकार धरला जाणार नाही, मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा त्याला राहील. म्हणजे बघा, नाव न देण्याची रूढी हीच उद्या तुमच्याविरुद्धचा पुरावा. मुख्य पात्राचा आवाज किरकोळ नाही असं मी कोर्टात जरूर म्हणेन, पण मुळात नाव पडद्यावर असेल तर म्हणावंच लागणार नाही.

अमेरिकेत बग्ज बनीचा आवाज मेल ब्लँक. त्यांनी १९४० च्या दशकात पगारवाढ मागितली, निर्मात्याने नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी निदान पडद्यावर नाव द्या म्हणून ते मिळवलं. सगळ्या कारकिर्दीत त्यांना याहून फायदेशीर सौदा मिळाला नसेल. नाव दिसल्यावर बाहेरची कामं धावत आली.

करारात सही करण्याआधी भाचीने काय बघावं: आवाज कोणत्या कामासाठी, किती काळ, कोणत्या माध्यमांत वापरणार. आणि हल्ली सगळ्यात महत्त्वाचं, "भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व तंत्रज्ञानांसाठी" असलं काही वाक्य आहे का. ते खोडायला सांगा. निदान आवाजावरून यंत्र शिकवायचं नाही, कृत्रिम आवाज बनवायचा नाही, एवढं लिहून घ्या.

रोखठोक_राणे:

आलात ना शेवटी एआयवर. मी तेच म्हणत होतो.

वकिली_बाणा:

राणेसाहेब, तुमची भीती खोटी नाही, पण न्यायालयं झोपलेली नाहीत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. अडचण अशी की हे लोक प्रसिद्ध आहेत, त्यांचा आवाज म्हणजे त्यांची ओळख हे कोर्टाला सांगावं लागत नाही. बिनचेहऱ्याच्या कलाकाराला ते सिद्ध करावं लागेल, म्हणून त्याचं शस्त्र म्हणजे करार. पुन्हा श्रेयनामावलीवरच येतो आपण.

माईकमागे:

एआयबद्दल माझं निरीक्षण सांगते. "कृपया प्रतीक्षा करा" छापाची कामं जातायत, काही गेलीसुद्धा. स्क्रॅच, म्हणजे चित्रकारांना अंदाज यावा म्हणून आधी भरतात तो कच्चा आवाज, तेही यंत्राकडून करून घेतात. नवशिक्यांची पहिली पायरी हीच असायची, तिची मला जास्त काळजी वाटते. मुख्य पात्रांना अजून माणूस लागतो, कारण डिरेक्टर जेव्हा म्हणतो "जरा कमी घाबर, पण खोटं बोलतोयस ते कळू दे," तेव्हा ते यंत्राला सांगण्यापेक्षा मला सांगणं स्वस्त पडतं. किती दिवस, ते तुम्ही ठरवा. मी ज्योतिषी नाही.

पैशांचा एक मुद्दा राहिला होता. बिल दिलं की लगेच पैसे, हे डोक्यातून काढा. दोन-तीन महिने सहज जातात. एका ठिकाणी माझं एक बिल इतकं मुरलं की मालिका बंद पडली, दुसरी आली, तिच्यातही मी काम केलं, आणि मग पहिलीचे पैसे आले. शिवाय १० टक्के टीडीएस कापून येतो, तो विवरणपत्र भरून परत मिळवायचा. बिलांची वही, कोणत्या तारखेला कुठला भाग केला याची नोंद, हे भाचीने पहिल्या दिवसापासून ठेवावं. आवाजवाल्यांची संघटना मुंबईत आहे, सदस्य झालं की थकबाकीच्या भांडणात एकटं पडायला होत नाही.

रेवा_ठाणे:

आता त्या 'पोर्टफोलिओ'च्या फोनबद्दल. ते म्हणतात आधी नोंदणी शुल्क भरा, मग आम्ही सॅम्पल रेकॉर्ड करून 'मोठ्या चॅनेल'ला पाठवतो, काम नक्की. व्हॉट्सअॅपवर एका कार्टूनचं चित्रही पाठवलंय.

माईकमागे:

एक पैसा भरू नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. व्हॉइस टेस्टला पैसे लागत नाहीत. "काम नक्की" हे तर स्वतः डबिंग डिरेक्टरही म्हणू शकत नाही, कारण शेवटचा होकार चॅनेलचा असतो. तो नंबर ब्लॉक करा आणि त्यांना उत्तरही देऊ नका.

सॅम्पल घरी करता येतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडायचं, त्यात तोंड करून उभं राहायचं, मागे गोधडी टांगायची. पंखा बंद. कबुतरं, लिफ्ट, शेजारचा कुकर यांची वेळ टाळायची, म्हणजे आपल्याकडे बहुधा रात्री. फाइल छोटी हवी, मिनिट-दीड मिनिटाची. पहिल्या पाच सेकंदांत पार्श्वसंगीत नको, स्वतःची ओळख लांबड लावून नको. नाव, आणि सरळ पात्र. तीन-चार वेगवेगळी पात्रं, त्यात एक तरी तिच्या स्वतःच्या नेहमीच्या आवाजातलं. मुलं हे हमखास गाळतात आणि डिरेक्टर नेमका तोच आवाज शोधत असतो. प्रसिद्ध कार्टूनची नक्कल एकही नको. हिंदी आणि मराठी वेगळ्या फाइलमध्ये. हिंदीत तिचे च आणि ज मराठीसारखे पडत असतील तर त्यावर आधी मेहनत घ्या, आपल्या मुलांची कामं तिथे जातात. मराठीतही संधी आहे, सोनी यायसारखं चॅनेल मराठीतून कार्टून दाखवतं, आणि चांगलं मराठी बोलणारी तरुण मुलं आम्हाला शोधून सापडत नाहीत.

रुईयात आहे तर एकांकिका सोडू नको म्हणावं. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, पहिल्यांदा दिसलेला मजकूर न अडखळता. बूथमध्ये स्क्रिप्ट आधी मिळत नाही, उभ्या उभ्या वाचून करायचं असतं. माझ्या ओळखीतले फार गुणी नट इथे मागे पडले, वाचनच नव्हतं म्हणून.

फक्त_वाचक:

माईकमागे ताई, एक विचारू? तुम्ही कुठली कार्टून केलीत? मुलगा मागे लागलाय.

माईकमागे:

ते नाही सांगणार हो, या आयडीने इथे पैशांबद्दल मोकळं लिहिता येतं ते तसंच राहू दे. तुमच्या मुलाला एवढं सांगा, त्याने मला नक्की शिव्या घातल्यात. खलनायिका जास्त वाट्याला येतात.

रेवा_ठाणे:

नंबर ब्लॉक केला. ताई म्हणतेय पदवी होईपर्यंत सुट्टीत सॅम्पल करू दे, पाठवू दे, बघू. भावोजींनी गोधडी टांगायला खिळे ठोकलेत, हा मोठाच बदल. अंधेरीला कुठे आणि कसं जायचं तेवढं सांगा, ती एकटी जाणार म्हणून ताईचा जीव वर-खाली होतोय.

माईकमागे:

स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला विखुरलेत, वीरा देसाई रोड, ओशिवरा, लोखंडवाला या पट्ट्यात. वर्सोव्याचं आराम नगर मुख्यतः कॅमेऱ्याच्या ऑडिशनचं, तिथे उगीच फेऱ्या मारू नको म्हणा. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो, आझाद नगर किंवा डी.एन. नगरला उतरून रिक्षा. घाटकोपरला संध्याकाळी सहा ते आठ मेट्रोच्या पुलावर मुंगीला जागा नसते, त्यामुळे वेळ मागून घेता आली तर दुपारची मागावी. सुरुवातीला आईला सोबत नेलं तरी चालतं, बाहेर सोफा असतो. जायच्या आधी स्टुडिओचा पत्ता आणि को-ऑर्डिनेटरचं नाव घरी लिहून ठेवायचं. सॅम्पल तयार झालं की मला व्यनि (खाजगी निरोप) करा, ऐकून काय चुकतंय ते सांगेन. शिफारस करणार नाही, ते आधीच सांगते.